खर्डा म्हणजे कादंबरी नव्हे

आपल्या समाजात कादंबऱ्या लिहिल्या जात आहेत, याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. शिक्षक, परिचारिका, निवृत्त बँक कर्मचारी, बागायतदार, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली, अशा साऱ्यांनी लेखणी हाती धरावी आणि आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींना कादंबरीचे रूप द्यावे, ही कोणत्याही समाजाला भूषणावह अशी गोष्ट आहे. परंतु या आनंदाबरोबर एक तक्रारही आमच्या मनात दीर्घकाळ घर करून राहिली आहे आणि ती आता उघडपणे मांडणे आम्हांला आवश्यक वाटते. आपल्याकडे कादंबरी म्हणून जे छापले जाते, ते पुष्कळदा कादंबरीचा पहिला खर्डा असतो. लेखकाने शेवटच्या ओळीखाली रेघ ओढली की हस्तलिखित अक्षरजुळणीला जाते. मुद्रितशोधनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेवढ्या सुधारल्या जातात, आणि त्यालाच 'संस्कार' असे नाव दिले जाते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पहिला खर्डा हा कादंबरीचा कच्चा माल होय. कादंबरी घडते ती पुनर्लेखनात. जो लेखक पुनर्लेखन टाळतो, तो वाचकावर तर अन्याय करतोच. पण ज्या माणसांच्या आयुष्यावर त्याने कथा रचली, त्यांच्यावरही अन्याय करतो. कारण एखाद्या गावाची, एखाद्या घराण्याची, एखाद्या दुःखाची गोष्ट सांगण्याची संधी वारंवार येत नसते. ती एकदा कच्ची छापली गेली की 'या विषयावर पुस्तक झाले आहे' असे म्हणून पुढचा लेखक त्या वाटेला जात नाही, आणि तो विषय कायमचा वाया जातो.

या कच्च्या कादंबऱ्यांची लक्षणे सुज्ञ वाचकांना परिचित आहेत. पहिली तीस-चाळीस पाने गावाच्या वर्णनात खर्ची पडतात. कथा सुरू होते ती त्यानंतर. तिसऱ्या प्रकरणात ज्या काकांना आपण स्मशानभूमीत पोहोचवून आलो, ते अकराव्या प्रकरणात बैठकीला हजर असतात. खलपुरुष नखशिखान्त दुष्ट असतो आणि नायिका नखशिखान्त सोज्वळ. भाताची लावणी चालू असताना नाताळाचे तारे लागतात. शेवटच्या प्रकरणात सर्वांची मने एकाएकी पालटतात आणि लेखक कथा बाजूला ठेवून प्रवचन करू लागतो. हे दोष प्रतिभेच्या अभावाचे नव्हेत. पहिल्या लेखनात ते थोरांच्या हातूनही घडतात. थोर लेखक ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लेखनात काढून टाकतात, एवढाच काय तो फरक.

प्रेरणेचा युक्तिवाद

आमच्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. 'जे उत्स्फूर्तपणे आले तेच खरे. त्याला हात लावला की जिवंतपणा जातो. शब्द वरून आला, मी केवळ निमित्त झालो.' हे वाक्य नम्रतेचे वाटते. परंतु त्याच्या पोटात अहंकार लपलेला आहे. कारण शब्द वरून आला असे एकदा म्हटले, की त्यात दोष दाखवणारा माणूस आपोआप अश्रद्ध ठरतो आणि लेखक सर्व टीकेच्या पलीकडे जाऊन बसतो.

ज्या ग्रंथांना आपण ईश्वरप्रेरित मानतो, त्यांच्या लेखकांनी तरी कष्ट टाळले होते काय? यिर्मयाच्या ग्रंथातील छत्तिसावा अध्याय उघडून पाहावा. संदेष्ट्याच्या तोंडून ऐकून बारूखाने पट लिहिला. राजा यहोयाकीमाने तो तीन-चार स्तंभ वाचून होताच चाकूने कापून शेगडीत टाकला. मग काय झाले? यिर्मयाने दुसरा पट घेतला, बारूखाने तो पुन्हा लिहिला, आणि त्यात पहिल्यासारख्या आणखी पुष्कळ वचनांची भर पडली, असे शास्त्र स्पष्ट सांगते. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा कर्ता तर त्याहून मोकळेपणाने बोलतो. कुरेने गावच्या यासोनाने पाच ग्रंथांत सांगितलेला इतिहास त्याला एका ग्रंथात आणायचा होता. आणि हे काम सोपे नसून त्यासाठी घाम गाळावा लागला, रात्री जागाव्या लागल्या, असे तो वाचकांपुढे कबूल करतो. संत जेरोम यांनी स्तोत्रसंहितेच्या लॅटिन पाठावर एकदा काम केले, त्याने समाधान झाले नाही म्हणून दुसऱ्यांदा केले, आणि अखेर मूळ हिब्रूवरून ती तिसऱ्यांदा अनुवादली. संत ऑगस्टीन यांनी आयुष्याच्या अखेरीस आपले सारे ग्रंथ पुन्हा चाळून त्यांतील उणिवा नोंदवणारा एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. प्रेरणा आणि परिश्रम यांचे वैर आहे, असे या मंडळींना कधी वाटले नाही. मग आपल्या धर्मग्रामातील नवोदित कादंबरीकाराला ते का वाटावे?

उत्स्फूर्ततेचे पुरस्कर्ते दोस्तोयेवस्कीचा दाखला हमखास देतात. 'जुगारी' ही कादंबरी त्याने १८६६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात अवघ्या २६ दिवसांत सांगून लिहवून घेतली, हे खरे आहे. परंतु त्यापूर्वी वीस वर्षे तो लेखनाच्या भट्टीत भाजून निघाला होता, हे सांगायचे राहून जाते. शिवाय त्याच लेखकाने त्याच्या आदल्या वर्षी, १८६५ च्या नोव्हेंबरात, 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीचा बराचसा तयार झालेला मजकूर जाळून टाकला आणि नव्या रचनेने पुन्हा आरंभ केला, हेही सांगायचे राहून जाते. आधीच्या खर्ड्यात खुनी माणूस स्वतः 'मी' म्हणून बोलत होता. पुढे लेखकाने त्याच्याविषयी 'तो' म्हणून सांगायचे ठरवले. हा निर्णय त्याने घेतला नसता, तर आज जग जी कादंबरी वाचते ती निर्माणच झाली नसती.

एकवीस वर्षांची एक कादंबरी

पुनर्लेखन म्हणजे नेमके काय, हे दाखवण्यासाठी आम्ही एकच उदाहरण विस्ताराने घेणार आहोत. इटलीच्या अलेस्सांद्रो मान्झोनीची 'वाग्दत्त वधूवर' ही कादंबरी कॅथलिक जगाला परकी नाही. विवाहाच्या तयारीत असलेल्या तरुण-तरुणींनी ती जरूर वाचावी, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २७ मे २०१५ रोजी आपल्या जाहीर शिकवणीत सांगितले होते. सतराव्या शतकातील स्पॅनिश राजवटीखालच्या लोम्बार्दी प्रांतात एका खेड्यातले दोन साधे जीव लग्न करू पाहतात. एक मस्तवाल सरदार, दोन रोद्रिगो, त्यात आडवा येतो. गावचा भित्रा धर्मगुरू दोन अब्बोंदियो धमकीला घाबरून लग्न लावायचे नाकारतो. आणि मग दुष्काळ, दंगल व १६३० सालची प्लेगची साथ यांतून ती दोघे पुन्हा एकमेकांना भेटेपर्यंतची ही कथा आहे.

मान्झोनीने ती लिहायला २४ एप्रिल १८२१ रोजी सुरुवात केली आणि १७ सप्टेंबर १८२३ रोजी पहिला खर्डा संपवला. चार खंड भरतील एवढा तो मजकूर होता. तेव्हा तो काही होतकरू लेखक नव्हता. कवी आणि नाटककार म्हणून त्याचे नाव झालेले होते. तो खर्डा त्याने छापायला दिला असता, तर कोणीही प्रकाशक आनंदाने पुढे आला असता. त्याने तसे केले नाही. फोरिएल आणि व्हिस्कोन्ती या दोन विश्वासू मित्रांना त्याने हस्तलिखित वाचायला दिले, त्यांनी समासात शेरे मारले, आणि मान्झोनी पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला बसला. त्यातून १८२७ साली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिने इटलीत आणि इटलीबाहेर कीर्ती मिळवली. परवानगी न घेता तिच्या आवृत्त्या ठिकठिकाणी छापल्या जाऊ लागल्या. आपल्यापैकी बहुतेकांनी येथे लेखणी खाली ठेवून सत्कार स्वीकारायला सुरुवात केली असती. मान्झोनी त्याच वर्षी कुटुंबकबिल्यासह फ्लॉरेन्सला गेला, कारण त्याला आपल्या पुस्तकाची भाषा पटत नव्हती. तेथून सुरू झालेले शोधन १८४० ते १८४२ या काळात १०८ भागांतून प्रसिद्ध झालेल्या सचित्र आवृत्तीपर्यंत चालले. आरंभी तो ३६ वर्षांचा होता. शेवटचा भाग बाहेर पडला तेव्हा ५७ वर्षांचा झाला होता. मधल्या काळात १८३३ च्या नाताळाच्या दिवशी त्याची पत्नी निवर्तली आणि पुढच्याच वर्षी थोरली मुलगी गेली. तरी काम सुटले नाही.

त्याने काय बदलले?

आता कोणी म्हणेल, एवढ्या वर्षांत त्याने शब्दच तर इकडचे तिकडे केले असतील. येथेच आपल्या लेखकांचा मोठा गैरसमज आहे. पुनर्लेखन म्हणजे शुद्धलेखन नव्हे, अलंकार चढवणेही नव्हे. पहिल्या खर्ड्यात आणि नंतरच्या पुस्तकात पडलेले तीन फरक आम्ही येथे सांगतो. त्यांतून आमचा मुद्दा स्पष्ट होईल.

पहिला फरक रचनेचा. नायक-नायिकेची ताटातूट झाल्यावर पहिल्या खर्ड्यात आधी नायिकेची हकीकत सलग येते, नंतर नायकाची सलग येते. लिहिणाऱ्याला ते सोयीचे असते. वाचणारा मात्र दोनशे पाने नायकाला विसरून जातो. पुनर्लेखनात मान्झोनीने हे दोन धागे आलटून पालटून विणले. घटना त्याच, पण एकाची काळजी करत दुसऱ्याची हकीकत वाचण्याची अवस्था वाचकाला आता प्राप्त झाली.

दुसरा फरक संयमाचा. वडिलांच्या हट्टापायी इच्छेविरुद्ध मठात ढकलल्या गेलेल्या एका धर्मभगिनीची कथा या कादंबरीत येते. पहिल्या खर्ड्यात ती सहा प्रकरणे व्यापते. तिचे पतन आणि त्यातून घडलेला खून यांचे सविस्तर वर्णन तेथे आहे. नंतरच्या पुस्तकात ती दोन प्रकरणांत आटोपते. एका दुर्वृत्त तरुणाने तिला हाक मारली, येथपर्यंत लेखक आपल्याला नेतो, आणि तिच्या पतनाची सारी कहाणी मूळ इटालियनमध्ये केवळ तीन शब्दांच्या एका वाक्यात मिटवतो. इटलीतील शाळकरी मुलांनाही ते वाक्य ठाऊक असते. सहा प्रकरणांना जे साधले नाही ते तीन शब्दांना साधले. परंतु ती सहा प्रकरणे आधी लिहिल्यावाचून ते तीन शब्द सापडले असते, असे आम्हांला वाटत नाही. त्याचप्रमाणे, चर्चच्या अंगणात खून केल्यामुळे त्या जागेवरून नाव पडलेला एक क्रूर सरदार पहिल्या खर्ड्यात होता. पुढे लेखकाने त्याचे नाव काढून घेतले, त्याच्या अपराधांची यादीही काढून घेतली, आणि तो केवळ 'अनामिक' राहिला. त्याचा पश्चात्ताप आज इतका खरा वाटतो, कारण आता लेखकाचे लक्ष त्याच्या दुष्कृत्यांवरून त्याच्या एका रात्रीच्या तळमळीकडे वळले आहे.

तिसरा फरक आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. पहिल्या खर्ड्यात खलपुरुष रोद्रिगो प्लेगने वेडापिसा होऊन घोड्यावर झेप घेतो, बेफाम दौडतो आणि मरतो. दुष्टाला शिक्षा झाली, वाचक खूश. नंतरच्या पुस्तकात हे दृश्य नाही. तेथे सूडाने पेटलेल्या नायकाला फादर क्रिस्तोफोरो प्लेगच्या छावणीतील एका झोपडीत नेतात. शत्रू समोर निपचित पडलेला आहे, त्याला शुद्ध नाही. फादर नायकाला त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगतात. रोद्रिगोचे मरण लेखक दाखवत नाही. पुढे ती बातमी ओझरती तेवढी कळते. पहिल्या खर्ड्यात न्याय खलपुरुषाचा झाला होता. आता कसोटी नायकाची लागली, आणि नायकाबरोबर वाचकाचीही.

'आमचा आशय चांगला आहे, मांडणीत थोडे डावे-उजवे असेल' असे म्हणणाऱ्यांनी या तिसऱ्या फरकाचा विचार करावा. क्षमेचा संदेश देण्याची मान्झोनीची इच्छा पहिल्या खर्ड्यातही तेवढीच प्रामाणिक होती. परंतु घोड्यावरून दौडत मरणारा खलपुरुष त्या इच्छेला छेद देत होता. म्हणजे आशय हा लेखकाच्या हेतूत नसतो; तो दृश्यांच्या निवडीत असतो, आणि ती निवड बहुधा दुसऱ्यांदा लिहिताना होते. आशय आधीच तयार आहे, आता मांडणी कशीही चालेल, असे म्हणणारा लेखक आपला आशय काय आहे, हे शोधण्यापूर्वीच थांबलेला असतो.

भाषेचे धुणे

भाषेच्या प्रश्नाला आम्ही मुद्दामच शेवटी हात घालत आहोत, कारण पुनर्लेखनातही तो शेवटीच यावा. मान्झोनी मिलानचा. घरात मिलानची बोली, विद्वानांशी फ्रेंच, आणि लिहायला पुस्तकी तोस्कानी. कोशांची पाने उलटून उलटून त्याने पहिल्या आवृत्तीची भाषा सिद्ध केली होती. ती कोणीच बोलत नव्हते. फ्लॉरेन्समध्ये जिवंत बोलणे कानावर पडताच त्याला हे तीव्रतेने जाणवले. आपल्या पुस्तकाचे ७१ फर्मे म्हणजे ७१ मळक्या चादरी असून त्या आर्नो नदीच्या पाण्यात खळबळून काढायच्या आहेत, असे त्याने एका मित्राला थट्टेने कळवले. चोनी आणि निक्कोलिनी या तेथील दोन विद्वानांना तर त्याने चक्क धोबिणींची उपमा दिली. पुढे त्याच्या घरी वावरणाऱ्या एमिलिया लुती नावाच्या फ्लॉरेन्सच्या शिक्षिकेला तो एकेक शब्दप्रयोग विचारत असे. युरोपभर गाजलेला लेखक एका शिक्षिकेला विचारतो, 'हे तुमच्याकडे कसे म्हणतात?' आणि तिने सांगितलेले मान्य करून आपले वाक्य खोडतो. ही खरी नम्रता होय.

या बाबतीत आपली स्थिती मान्झोनीहून फारशी वेगळी नाही. घरात एक बोली, चर्चमध्ये दुसरी भाषा, कचेरीत तिसरी, आणि लेखन शाळेत शिकलेल्या प्रमाण मराठीत. वसईच्या कादंबरीत आजी तोंड उघडते आणि वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखी बोलू लागते. उलटपक्षी, जेथे लेखक सामवेदी किंवा वाडवळी बोलीचा आग्रह धरतो, तेथे एकच शब्द पान वीसवर एका रूपात आणि पान साठवर दुसऱ्या रूपात छापलेला असतो. मग बोली न जाणणारा वाचक गोंधळतो आणि जाणणारा चिडतो. यावर तोड एकच आहे. ज्यांच्या तोंडी ती बोली अजून ताजी आहे, अशा माणसांना संवाद मोठ्याने वाचून दाखवावेत आणि त्यांचे चेहरे पाहावेत. ज्या वाक्याला आजी हसते, ते बहुधा खोटे असते. एकदा रूप ठरले की ते पुस्तकभर पाळावे. हे काम मुद्रितशोधकाचे नाही. ते लेखकाचेच आहे.

'आम्हांला वेळ कुठे आहे?'

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. 'मान्झोनी जमीनदार होता, त्याला पोटाची चिंता नव्हती. आम्ही लोकलचा प्रवास करून, मुलांचे अभ्यास घेऊन, रात्री लिहितो.' हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु त्याचे उत्तर खर्डा छापणे हे नव्हे. छोटी कादंबरी लिहिणे हे आहे. साडेतीनशे पाने एकदा लिहिण्याऐवजी सव्वाशे पाने तीनदा लिहावीत. वेळ तेवढाच लागेल. शिवाय दोन लेखनांच्या मधला जो काळ सर्वांत उपयोगी असतो, त्यात काहीच करायचे नसते. हस्तलिखित चार-सहा महिने कपाटात ठेवायचे असते. त्या काळात लेखक आपली वाक्ये विसरतो आणि परक्याच्या नजरेने ती वाचायला मोकळा होतो.

प्रकृतीची आणि परिस्थितीची सबब सांगणाऱ्यांनी फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन कॅथलिक लेखिकेचे चरित्र पाहावे. तिची पहिली कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली, त्यापूर्वी सुमारे पाच वर्षे ती तिच्यावर काम करत होती. आणि त्यातील शेवटचा काळ ल्युपस या दुर्धर आजाराशी झगडण्यात गेला. कॅरोलाइन गॉर्डन या ज्येष्ठ लेखिकेने कळवलेल्या सूचना वाचून तिने पुन्हा फेरफार केले. १९४६ साली प्रसिद्ध झालेली आपली पहिली कथा तिने आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत पुन्हा हाती घेतली आणि ती संपूर्ण नव्याने लिहिली. १९६४ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, तिचे निधन झाले. आयुष्य थोडे आहे हे ठाऊक असलेली बाई नवीन पुस्तकांची संख्या वाढवण्याऐवजी जुनी कथा सुधारत बसली, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

वेळ नाही म्हणणाऱ्यांना प्रकाशनाची घाई मात्र असते. पूर्वी छपाईचा खर्च हाच एक बांध होता; कागद, खिळे, बांधणी यांचे पैसे जमवण्यात वर्ष जाई आणि तेवढ्यात लेखक दोनदा तरी हस्तलिखित चाळत असे. आता मोबाइलवर लिहिता येते, पन्नास प्रतीही छापून मिळतात आणि सणाच्या दिवशी प्रकाशन ठरवून मग पुस्तक पूर्ण केले जाते. तंत्राला आमचा विरोध नाही. ज्या संगणकावर एक प्रकरण उचलून दुसरीकडे ठेवणे क्षणाचे काम आहे, तो मान्झोनीला मिळाला असता तर त्याने देवाचे आभार मानले असते. परंतु सोय झाली म्हणून विचार करण्याचा काळही वगळता येतो, असा समज करून घेणे घातक आहे.

अतिरेकाविषयी

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुनर्लेखनाचेही व्यसन लागू शकते. १८४२ नंतर मान्झोनीने दुसरी कादंबरी लिहिलीच नाही. ऐतिहासिक कादंबरी या प्रकारावरचाच त्याचा विश्वास उडाला. सारी इटली फ्लॉरेन्सची बोली स्वीकारेल या त्याच्या मतावर आस्कोली या भाषापंडिताने १८७३ साली कठोर टीका केली, आणि ती अनाठायी नव्हती. त्या सचित्र आवृत्तीत मान्झोनीला मोठा तोटाही सोसावा लागला. तेव्हा एकवीस वर्षे लावा, असा आमचा उपदेश नाही. मग थांबावे कोठे? आमच्या मते, जोवर बदलांमुळे पात्रांविषयी किंवा घटनांविषयी काही नवे उमगत आहे, तोवर लिहीत राहावे. जेव्हा नुसते 'सुंदर' काढून 'मनोहर' घातले जाऊ लागते, तेव्हा लेखणी खाली ठेवावी. आणि प्रत्येक सल्ला पाळलाच पाहिजे असेही नाही. ओकॉनरने आपल्या पहिल्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकाचे म्हणणे साफ नाकारले होते. ऐकून घेणे हे कर्तव्य आहे. मान तुकवणे नव्हे.

वाचकांनो, दोष आपलाही आहे

लेखकांना एवढे सुनावल्यावर वाचकांना मोकळे सोडणे न्यायाचे होणार नाही. प्रकाशन समारंभात आपण टाळ्या वाजवतो, पुष्पगुच्छ देतो, 'आपल्या समाजाचा माणूस आहे, सांभाळून घ्या' असे एकमेकांच्या कानात सांगतो, आणि घरी जाऊन पुस्तक कपाटात ठेवतो. वीस पानांनंतर ते का सोडून दिले, हे लेखकाला कोणीही सांगत नाही. हा शिष्टाचार प्रेमाचा नव्हे. ज्याच्याकडून आपण काही अपेक्षाच ठेवत नाही, त्यालाच आपण असे सांभाळून घेतो.

आणि सांभाळून घेण्याचे दिवस आता सरलेही आहेत. चार शतकांपूर्वी, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. गोव्यात पाऊल ठेवल्यापासून ३७ वर्षे ते या भाषेच्या सहवासात होते. १८५७ साली बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'ने मराठी कादंबरीचा पाया घातला, असे वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात. २०२० साली उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना लाभले. ज्या समाजाच्या लेखनाला हा वारसा आहे, त्याने अनुकंपेचे गुण मागू नयेत. मराठी वाचक आपले पुस्तक उघडेल तेव्हा लेखक कोणत्या धर्माचा हे पाहणार नाही. पुढचे पान उलटावेसे वाटते की नाही, एवढेच पाहील.

म्हणून आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे. घरात कोणी कादंबरी लिहीत असेल, तर त्याला प्रकाशनाची तारीख विचारू नका. हा कितवा खर्डा, असे विचारा. रात्रीच्या जेवणानंतर त्याला एक प्रकरण मोठ्याने वाचायला सांगा. कोठे कंटाळा आला, कोठे विश्वास बसला नाही, कोणाचे बोलणे खोटे वाटले, हे न दुखावता पण स्पष्टपणे सांगा. भाताच्या लावणीचा महिना, विहिरीवरच्या रहाटाचे भाग, लग्नातल्या विधींचा क्रम चुकला असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तो दुरुस्त करून द्या. ही माहिती असलेली माणसे दरवर्षी आपल्यातून कमी होत आहेत. आणि लेखकाने सहा महिने हस्तलिखित बंद करून ठेवले, तर 'तुझ्या पुस्तकाचे काय झाले?' असे हिणवू नका.

संपादकांनी आणि प्रकाशकांनीही साभार परत पाठवण्याचे धैर्य दाखवावे, आणि परत पाठवताना कारण लिहावे. कारण न देता परत केलेले हस्तलिखित लेखकाला खचवते; समासात शेरे मारून परत केलेले हस्तलिखित त्याला पुन्हा टेबलाशी बसवते. मान्झोनीच्या पहिल्या खर्ड्याच्या समासात त्याच्या मित्रांनी हेच केले. तो खर्डा त्याच्या हयातीत छापला गेला नाही. विसाव्या शतकात अभ्यासकांनी तो प्रसिद्ध केला. आज तो वाचायला मिळतो आणि दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहता येतात. आपल्या प्रत्येक होतकरू कादंबरीकाराने ती एकदा तशी पाहावी, आणि आपली वही छापखान्यात पाठवण्यापूर्वी पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घ्यावी.